चार खोबणी, पाच बिऱ्हाडं

कॅल्क्युलेटर या वस्तूला आता कोणी मान देत नाही. तो फोनच्या पोटात कुठेतरी पडून असतो आणि पडद्याला किती कापड लागेल एवढं सांगण्यापुरता वर येतो. काटकोनांचा कॅल्क्युलेटर मात्र बैठकीच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, मऊ कापडात गुंडाळून राहत असे, आणि घरात नव्याने आलेल्या माणसाशी त्याची रीतसर ओळख करून दिली जाई. जावयाशी करून दिली होती. जावई उभा राहिला होता.

काटकोन हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ती बिल्डिंगने दिलेली पदवी. आयुष्यभर त्यांनी सरकारी खात्यात जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावरही डोळ्यांची खोड गेली नाही. जिन्यात कोणाची सायकल तिरकी दिसली की ते ती भिंतीला समांतर करत. दुसऱ्याकडे चहाला गेले तरी बशी टेबलाच्या कडेशी जुळवूनच पहिला घोट घेत. माणूस मऊ, बोलणं त्याहून मऊ, कोपरे तेवढे नव्वद अंशांचे.

तर अशा माणसाच्या दारात एका सकाळी शेजारच्या रोपवाटिकेच्या बाई आल्या. हातात एक कुंडी होती. भांडायला येणारा माणूस कुंडी घेऊन येत नाही, म्हणून काटकोनांनी निश्चिंतपणे दार उघडलं, आणि तिथेच फसले.

"काका, एक सांगायचं होतं. रागावू नका हं," बाई म्हणाल्या. "तुमच्या बिल्डिंगची मागची कुंपणाची भिंत माझ्या बाजूला आलीय. फार नाही, दहा सेंटिमीटर. परवा नव्या यंत्राने मोजून घेतलं तेव्हा कळलं. मी मोजणी कचेरीत हरकत दिलीय. पण तुम्हाला आधी कागदातून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून आले."

भिंत दुसऱ्या कोणाची असती तर काटकोनांनी कुंडी घेऊन आभार मानले असते. पण हा प्लॉट एकतीस वर्षांपूर्वी खुद्द त्यांनीच मोजला होता. पुढे त्यावर बिल्डिंग झाली, तेव्हा आपण मोजलेल्या जमिनीवर झोप चांगली लागेल म्हणून त्यांनी तिथंच घर घेतलं. नकाशावर सही त्यांची. नोकरीत त्यांनी चारेक हजार नकाशांवर सही केली असेल. एकही नकाशा चूक म्हणून परत आला नव्हता. खात्यातून निघताना त्यांनी सोबत आणलेलं धन म्हणजे एवढंच.

"दहा," ते म्हणाले. "दहा म्हणजे अगदी दहा?"

"अगदी दहा," बाई म्हणाल्या, आणि कुंडी ठेवून गेल्या.

दुपारपर्यंत बिल्डिंगचे सेक्रेटरी वर आले. सेक्रेटरींचं एक वैशिष्ट्य होतं. त्यांना माहीत नसलेला विषय अजून निघायचा होता. "काका, नकाशावर तुमची सही आहे ना? मग संपलं!" ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "कचेरीत जायचं, सही दाखवायची, परत यायचं. भिंत मागे घ्यायची म्हणजे पाण्याची टाकी हलवावी लागेल, सायकलींची शेड पाडावी लागेल. सगळी बिल्डिंग तुमच्याकडे डोळे लावून बसलीय."

"मोजणी बरोबर असेल तर भिंत राहील," काटकोन म्हणाले.

"असेल तर म्हणजे? तुमचीच मोजणी ना?"

तेच तर पाहायचं होतं.

मोजणी कचेरीच्या खिडकीत एक कारकून होते. नियम वाचताना त्यांचा आवाज असा लागे, की जणू शब्द आत्ताच, त्यांच्याच तोंडून, पहिल्यांदा जन्माला येताहेत. "हरकत आल्यास," त्यांनी वाचलं, "मूळ मोजणीदाराने मूळ आकडेमोड, मूळ साधनावर, एकसलग, छापील पट्टीसह पुन्हा करून दाखवावी."

"एकसलग?"

"म्हणजे तुकडे न करता."

"अहो, पण तेव्हा मी ती दोन तुकड्यांतच केली होती. प्लॉटला तेवीस कोपरे आहेत. माझ्या यंत्रात वीसच मावतात."

"तेव्हा हा नियम नव्हता."

"मग आता मूळ साधनावर ती एकसलग कशी होणार? मावतच नाही!"

कारकुनांनी पान उलटून पाहिलं, मागून पुढूनही पाहिलं. "न मावण्याबद्दल यात काही नाही," ते सहानुभूतीने म्हणाले.

मुलीने फोनवर ऐकलं आणि ती हसली. "बाबा, हे सगळं फोनवर दोन मिनिटांत होतं."

"नियमात मूळ साधन आहे," काटकोन गंभीरपणे म्हणाले. पण फोन ठेवल्यावर कपाटाकडे जाताना त्यांची चाल तीस वर्षांनी लहान झाली होती, हे बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. त्याला कामाची पायरी न् पायरी शिकवून ठेवता येई. काटकोनांनी त्याला चारशे पायऱ्या शिकवल्या होत्या: जमिनीच्या एकेका बाजूची लांबी आणि दिशा सांगत जायची, यंत्र मनातल्या मनात कोपऱ्यामागून कोपरा चालत जाई, आणि सगळी फेरी संपवून पहिल्या कोपऱ्यावर नेमकं पोचलं की नाही ते सांगे. पोचलं, तर मोजणी खरी. पण त्याची जात्याच असलेली स्मरणशक्ती बेताची. म्हणून डोक्याच्या बाजूला चार खोबणी होत्या. अर्ध्या काडेपेटीएवढी काळी डबी एकेका खोबणीत खोचली, की त्याला तेवढं जास्त आठवे. काटकोनांकडे अशा डब्या चार होत्या. पण छापील पट्टी हवी तर छपाईच्या यंत्राची वायर लागणार, आणि तिलाही एक खोबण लागणार. खोल्या चार, बिऱ्हाडं पाच. चौथी डबी एकतीस वर्षं मखमलीत झोपून होती.

एका खोलीत दोन बिऱ्हाडं घालणं एवढा एकच मार्ग उरला. एक डबी उघडायची, तिच्यातली चिप काढायची, ती दुसऱ्या डबीतल्या चिपच्या पाठीवर बसवायची, आणि पायाला पाय जोडून डाख लावायचा. अडचण एकच. चिपला आपण कुठल्या खोबणीत आहोत हे तिच्या दोन पायांवरून कळे. दोघी एकाच खोबणीत असल्या तर यंत्राच्या एका हाकेला दोघी ओ देणार, आणि यंत्र गोंधळणार. म्हणून वरच्या चिपचा एक पाय अलगद उचलून त्याला वेगळी तार द्यायची. मग ती बसलेली असते तिसऱ्या खोबणीत, पण तिची अशी ठाम समजूत होते की आपण चौथीत राहतो. चौथीत प्रत्यक्षात राहणाऱ्या छपाईच्या वायरीला स्मृतीशी काही देणंघेणं नसल्यामुळे तीही तक्रार करत नाही. इतका समजूतदारपणा काटकोनांनी माणसांच्या बिल्डिंगीत कधी पाहिला नव्हता.

डबी मात्र उघडेना. तिला स्क्रू नव्हता, फट नव्हती. काटकोनांनी सुरीचं टोक लावून पाहिलं, तेव्हा टेबल उघडलं, डबी नाही.

"फ्रीझरमध्ये ठेवा," सेक्रेटरी म्हणाले. ते त्या दिवसांत रोजच वर येत. "गारव्याने प्लास्टिक आकसतं. मग टिचकी मारली की झालं. शास्त्र आहे."

डबी फ्रीझरमध्ये ठेवली. शास्त्राने सांगितल्याप्रमाणे एक तासाने फ्रीझर उघडला, तर डबी दिसेना. मटारच्या पिशवीखाली ती घसरली होती, पिशवीला छिद्र होतं, आणि डबी आणि मटार एकजीव होऊन एक हिरवागार दगड झाला होता.

"आता गरम पाणी," सेक्रेटरी म्हणाले.

"आता तुम्ही घरी," बायको म्हणाली. इतक्या गोडपणे म्हणाली की सेक्रेटरींना तो सल्ला आहे असंच वाटलं, आणि सल्ल्यांचा आदर करणारा माणूस म्हणून ते निघून गेले. मग तिने तो दगड ताटलीत घालून उन्हात ठेवला आणि मटार वितळेपर्यंत बाजूला बसून भाजी निवडली. घाई न करता जे सुटतं ते ती तसंच सोडवी. संसाराला इतकी वर्षं झाली होती. तिला ठाऊक होतं की काही गोष्टी आणि काही माणसं उन्हात ठेवली की आपोआप मोकळी होतात.

डबीला इजा झाली नव्हती. ती उघडलीही नव्हती.

"खालच्या डॉक्टरांना विचारा ना," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे भिंग आहे, दिवा आहे, बारीक हत्यारं आहेत. आणि न उघडणाऱ्या गोष्टी उघडणं हाच त्यांचा धंदा."

तळमजल्यावरचे डॉक्टर दातांचे होते. दुपारी दोन ते चार त्यांच्याकडे कोणी येत नसे. दोन ते चार माणसाचा दात दुखत नाही, असा त्यांचा अनुभव होता. डबी पाहिल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी ती खुर्चीच्या उशीवर ठेवली, दिवा खाली ओढला, कपाळावरचं भिंग डोळ्यांवर घेतलं आणि सवयीने म्हणाले, "घाबरायचं नाही. दुखलं तर हात वर करा."

काटकोनांनी हात वर केला.

"तुम्ही नाही हो!"

"नाही, विचारायचं होतं. ड्रिल वापरणार का?"

"अगदी वरवर. मूळ खोल गेलेलं दिसतंय."

नेमका तेव्हाच बाहेरच्या बाकावर एक पेशंट येऊन बसला होता, दोन ते चारच्या नियमाला अपवाद. त्याने आतून ऐकलं ते असं: "हां, सुटतंय... सुटतंय... अरेरे, एक पाय वाकला." आणि मग काटकोनांचा घोगरा आवाज: "डॉक्टर, हा पाय तुटला तर दुसरा मिळणार नाही हो. कंपनी बंद झालीय." पेशंट बाकावरून उठला आणि दात सांभाळत, पाय जास्त सांभाळत, घरी गेला.

पण डॉक्टरांचा हात म्हणजे हात होता. दोन दुपारी खपून त्यांनी चिप सोडवली, दुसरीच्या पाठीवर बसवली, आणि काटकोनांच्या सोल्डरिंग आयर्नने डाखाचे एवढाले थेंब लावले की भिंगाशिवाय दिसू नयेत. काटकोन बाजूला उभं राहून सूचना देत. "आता उजवा पाय उचला. तिकडे तार."

"उजवा," डॉक्टरांनी प्रतिध्वनी दिला, आणि तार जोडली.

डबी बंद झाली. काटकोनांनी घरी येऊन ती तिसऱ्या खोबणीत खोचली, उरलेल्या दोन डब्या पहिल्या दोन खोबणींत, वायर चौथीत. मग मनात कोणाचंही नाव न घेता बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले. मेमरी लॉस्ट.

या दोन शब्दांची वेदना ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. चारशे पायऱ्या, एकतीस वर्षं, सगळं पुसून पाटी कोरी. यंत्र आता नुकतंच जन्मल्यासारखं, निष्पाप, काही न आठवता त्यांच्याकडे पाहत होतं. काटकोन सोफ्यावर बसले. बराच वेळ त्यांनी उशी सरळ केली नाही.

"पुन्हा शिकवा," बायको म्हणाली.

"चारशे पायऱ्या आहेत."

"वहीत लिहून ठेवल्यात ना? मी वाचते, तुम्ही दाबा."

दोन सकाळी ती वाचत होती आणि ते दाबत होते. तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण काटकोनांना आठवेना की इतक्या वर्षांत आपण एका विषयावर इतका वेळ सलग कधी बोललो होतो. ती वाचे, "साठवा, शून्य सात." ते म्हणत, "साठवलं." ती म्हणे, "फिरून जा, बारावर." ते म्हणत, "गेलो." मधे ती पाणी आणे. घरात एकामागून एक पायरी अशी लयीत पडत होती की खालच्या मजल्यावर दाणे निवडणारी एक म्हातारी म्हणे, वर कोणी काही पाठ करतंय का, बरं वाटतं ऐकायला.

पायऱ्या भरल्या आणि तेवीस कोपरे घालायला घेतले, तर यंत्र भलतंच बरळू लागलं. सोळावा कोपरा विचारला की तिसरा सांगे. तिसरा विचारला की दोघांची बेरीज. काटकोनांच्या लक्षात आलं, एका हाकेला दोघी ओ देताहेत. वरच्या चिपची समजूत चुकली होती. तिला वाटत होतं ती पहिल्या खोबणीत राहते.

डबी घेऊन ते पुन्हा खाली गेले. डॉक्टरांनी भिंग लावलं. "काय सांगितलं होतंत? उजवा. हा काय उजवा."

"हा डावा आहे, डॉक्टर."

"तुमच्याकडून डावा. तिच्याकडून उजवा."

"तिच्याकडून म्हणजे?"

"म्हणजे पेशंटकडून! आम्ही समोरून बघतो. आमची डावी बाजू ती पेशंटची उजवी. पंचवीस वर्षं मी 'उजवी दाढ' म्हणतो ती पेशंटची. माझ्या उजवीकडची काढली असती तर लोकांनी मला सोडलं असतं का?"

काटकोनांनी विचार केला. ते स्वतः नेहमी उत्तरेकडे तोंड करून उभे राहत, आणि उजवं म्हणजे पूर्व. दोघांचंही बरोबर होतं. चिपच्या तोंडाचा विचार दोघांपैकी एकानेच केला होता, आणि तो चांगुलपणानेच नडला होता. तार सुटली, दुसऱ्या पायाला लागली. "आता चूळ भरा," डॉक्टर म्हणाले, आणि दोघेही हसले.

पायऱ्या पुन्हा एकदा वाचून-दाबून भरल्या, आणि शेवटी एका शांत दुपारी, मांडीवर त्या जुन्या मोजणीचं फील्डबुक, समोर यंत्र, बाजूला छपाईची पट्टी, काटकोनांनी पहिल्या कोपऱ्यापासून चालायला सुरुवात केली. सेक्रेटरी आले होते, डॉक्टर आले होते, डॉक्टरांनी येताना दिवा आणला होता. यंत्राने तेवीस कोपरे एका दमात पोटात घेतले. जरा विचार केला. आणि पट्टीवर कुर्र करत दोन आकडे छापले.

फरक: दहा सेंटिमीटर. आणि त्या फरकाची दिशा.

"जुळलं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

काटकोनांनी पट्टी दिव्याखाली धरली. मोजणीत फरक राहतोच, चार सेंटिमीटर, सात सेंटिमीटर, तो नियमात बसतो आणि सगळ्या बाजूंवर वाटून देता येतो. एकतीस वर्षांपूर्वीही दोन तुकड्यांच्या मधल्या रेघेत थोडा फरक निघाला होता, आणि त्यांनी तो त्या काळच्या रीतीने वाटून दिला होता. पण वाटून दिला म्हणजे तो कुठून आला हे कायमचं झाकलं. आता तुकडे नव्हते. आता फरक एका जागी, एका दिशेत, ताठ उभा होता. आणि ती दिशा तेवीस बाजूंपैकी एकाच बाजूची होती. चौदापासून पंधरापर्यंत. रोपवाटिकेकडे जाणारी.

"काका, एक सांगू?" सेक्रेटरी हळूच म्हणाले. "ही पट्टी कुणी पाहिली नाहीये. दोन तुकडे करा, वाटून द्या, जुळवा. तेव्हा जुळवलंच होतंत ना? टाकी वाचेल."

डॉक्टर दिव्याची वायर गुंडाळू लागले. इतकी नीट वायर त्यांनी कधी गुंडाळली नसावी.

"दोघेही आता जरा जा," काटकोन म्हणाले. "मी पाहतो."

ते गेल्यावर त्यांनी फील्डबुक बायकोपुढे ठेवलं. "हे पान वाच. मला डोळ्यांवर भरवसा नाही."

"चौदा ते पंधरा," ती वाचू लागली. "पहिल्या रकान्यात एकतीस मीटर चाळीस. दुसऱ्या रकान्यात एकतीस मीटर चाळीस."

"बाकीच्या बाजू?"

तिने बोट फिरवलं. "बाकी सगळीकडे दुसऱ्यातलं दहाने कमी आहे."

काटकोनांनी डोळे मिटले. टेपचं टोक रोज घासून घासून झिजे, म्हणून खात्यातले लोक टेप शून्यावर न धरता दहा सेंटिमीटरच्या खुणेवर धरत, आणि वाचलेल्या आकड्यातून मग दहा वजा करत. बावीस बाजूंना वजा केलं होतं. एका बाजूला राहिलं होतं. बाजू दहाने लांब लिहिली गेली, पंधरावा कोपरा तेवढाच पलीकडे सरकला, आणि त्याच्यामागोमाग भिंत.

"चौदा ते पंधरा," बायको पुन्हा म्हणाली, आणि थांबली. "अहो, ही वडाच्या झाडापासूनची बाजू का? पलीकडे तेव्हा गवत होतं?"

"हो."

"त्या दिवशी तुमचा टेपवाला आला नव्हता. मी डबा घेऊन आले होते, आपलं लग्न होऊन महिना झाला होता. तुम्ही टेपचं टोक माझ्या हातात दिलंत." ती सावकाश म्हणू लागली, एकेक शब्द जागेवर ठेवत: "दहावर धर, ताण बरोबर, सांग लवकर, वजा कर नंतर. तुम्हीच शिकवलं होतंत, विसरू नये म्हणून. मी दहावरच धरला होता हो."

"तू दहावरच धरला होतास," काटकोन घाईने म्हणाले. "वजा मी करायचं होतं."

"आणि तुम्ही आकडा वाचलात, लिहिलात, आणि मला म्हणालात, ऊन तुझ्या डोळ्यांवर येतंय, जरा इकडे सरक." ती हसली. "ऊन माझ्या पाठीमागे होतं."

काटकोनांनी पट्टी अलगद फाडली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत गेले. ती भिंतीकडच्या बाकावर बसली, ते खिडकीशी उभे राहिले. कारकुनांनी पट्टी वाचली, साधन हातात घेतलं, उलटसुलट केलं. "याच्यात काही बदल केलाय का?"

खोटं बोलण्याची कला काटकोनांच्या हाताला कधी बसलीच नव्हती. "केलाय. एका डबीत दोन बसवल्यात."

"मग हे मूळ साधन नाही."

"पण बदल केल्याशिवाय मावतच नव्हतं!"

"त्याबद्दल यात काही नाही. पट्टी ग्राह्य धरता येणार नाही."

"अहो, पण या पट्टीत माझी चूक सापडलीय!"

"साधन मूळ असतं तर तुमची चूक मान्य केली असती," कारकून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आता हरकत फेटाळावी लागेल. जुना नकाशा कायम. म्हणजे तुम्ही बरोबर आहात. अभिनंदन."

इतक्या सहज, इतक्या कमी कष्टांत काटकोनांना आजवर कोणी बरोबर ठरवलं नव्हतं. ते बाकाकडे आले.

"झालं?"

"मी बरोबर ठरलो."

"मग तोंड असं का?"

काटकोनांनी मागे वळून पाहिलं. खिडकीपलीकडे उंच रॅकमध्ये नकाशांच्या वळकट्या होत्या, त्यांच्या चार हजार सह्या त्यातच कुठेतरी गुंडाळून ठेवलेल्या. त्यातली एक खोटी होती, ती कशी खोटी झाली हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांतली दुसरी त्यांच्याकडे पाहत होती. टाकीची, सेक्रेटरींची, बिल्डिंगीतल्या प्रत्येक दाराची त्यांना आठवण झाली. मग ते वळून पुन्हा खिडकीशी गेले.

"साहेब, मोजणीदाराला स्वतःच्याच मोजणीवर हरकत घ्यायची असेल तर?"

कारकुनांनी चष्मा काढला. मग नियमांचं पुस्तक असं उघडलं, जसं बऱ्याच वर्षांनी कोणी त्यांना आवडीचं गाणं म्हणायला सांगावं. "आहे!" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आहे की! नमुना सतरा! माझ्या नोकरीत कोणी मागितला नाही!" ते स्वतः उठले, स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या कप्प्यातून पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा काढला, धूळ झटकली. "साधन नको, पट्टी नको. मोजणीदाराची सही पुरे. पण भिंत मग हलवावी लागेल, बरं का. शेजारीपाजारी ओरडतील."

"ओरडू देत. मी त्यांच्याबरोबर विटा उचलीन."

काटकोनांनी एकेक रकाना भरला. प्लॉट. बाजू, चौदा ते पंधरा. फरक, दहा सेंटिमीटर. शेवटचा रकाना होता, चुकीचे कारण. तिथे पेन जरा थांबलं. मग त्यांनी सरळ रेषेत एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि कागद आत सरकवला.

कारकुनांनी तो आपल्या खास आवाजात वाचला. "कारण: मोजणीदाराचे लक्ष टेपवर नव्हते." मान वर केली. "कुठे होतं?"

"त्याला रकाना आहे का?"

कारकुनांनी नमुना उलटून पाहिला. मग काटकोनांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. बाकावर बसलेल्या बाई उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून, कोणी न सांगता, जराशा इकडे सरकत होत्या.

"नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.